विमानतळ ते बदलापूर : सामानासह मुंबई ओलांडण्याचा इतिहास

परदेशाहून मुंबईत आलेल्या प्रवाशाला सामानासह आगगाडीत बसवण्याची व्यवस्था विमानांपेक्षा बोटींच्या काळात चोख होती. बॅलार्ड पियरला धक्क्यालगतच ‘मोल स्टेशन’ होते. विलायतेची बोट लागली की हमाल ट्रंका आणि होल्डॉल जवळच उभ्या असलेल्या गाडीत नेऊन चढवत. पंजाब लिमिटेड आणि १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल या गाड्यांशी बोटींची अशी सांगड होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे स्टेशन बंद पडले. सोय मूठभर साहेबांपुरतीच होती. पण बोट आणि गाडी हा एकच प्रवास आहे, हे तिच्यामागचे तत्त्व पुढे मुंबईने फार काळ बाजूला ठेवले.

या प्रवासाचे दुसरे टोक म्हणजे कल्याण-बदलापूर पट्टा. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्ये आली आणि १८५६ मध्ये ती बदलापूरवरून पळसदरीपर्यंत गेली. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली अनेक कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबई बंदरात उतरली आणि कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत आली. पाच कॅम्पांच्या या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. घरातले जे उचलता आले तेवढेच सामान घेऊन मुंबई ओलांडणारी ही या भागातली सर्वांत मोठी लोकसंख्या. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधून माणसे नोकरी-व्यापारासाठी परदेशी जाऊ लागली, तेव्हा तोच रस्ता उलट दिशेने तुडवला जाऊ लागला.

मुंबईची नागरी विमानसेवा १९३०च्या दशकात जुहूला होती. युद्धानंतर ती सांताक्रूझला गेली. एअर इंडिया इंटरनॅशनलचे लंडनला जाणारे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून सुटले. १९८१ मध्ये सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल झाले. विमानतळाला जवळची स्टेशने सांताक्रूझ, विलेपार्ले आणि अंधेरी. तिन्ही पश्चिम रेल्वेवरची. बदलापूरची लोकल मात्र मध्य रेल्वेची. शहर उत्तर-दक्षिण धावते आणि या प्रवाशाला पूर्व-पश्चिम जायचे असते. अडचणीचे मूळ इथे आहे.

त्यावर दोन उपाय रूढ झाले. अंधेरीहून दादरला येऊन पुलावरून मध्य रेल्वेकडे जायचे, किंवा रिक्षाने थेट कुर्ला अथवा घाटकोपर गाठायचे. शीवच्या दक्षिणेला रिक्षांना बंदी असल्याने दादरसाठी टॅक्सीच करावी लागे. प्रीमियर पद्मिनीच्या टपावरच्या कॅरियरवर दोरीने आवळलेल्या बॅगा हे विमानतळाबाहेरचे नेहमीचे दृश्य होते. दादरचा पूल ही खरी परीक्षा. दोन्ही रेल्वेंचे फलाट एक नंबरपासून सुरू होत असल्याने नवखा माणूस बॅगा घेऊन भलत्याच जिन्याने उतरे. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले आणि हा घोळ मिटला. इतकी साधी सुधारणा व्हायला इतकी वर्षे लागायला नको होती.

लोकलमध्ये चढण्याचा प्रश्न त्यापुढचा. अमेरिकेच्या तिकिटावर सहसा २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. संध्याकाळच्या कर्जत किंवा बदलापूर गाडीच्या दारात माणसालाच पाय ठेवायला जागा नसते, तिथे ४६ किलो कुठे जाणार? अनुभवी लोक मालडब्यापाशी उभे राहतात. त्यात बाके भिंतीलगत असतात आणि मधली जागा मोकळी असते. पाट्या, गाठोडी आणि पोत्यांच्या शेजारी चाकांची सूटकेस आडवी टाकून तिच्यावर हात ठेवून प्रवास होतो. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते, आणि आखातातली बरीच विमाने नेमकी तेव्हाच उतरतात. अशा वेळी पहाटेपर्यंत थांबायचे, नाहीतर घरच्यांनी गाडी करून न्यायला यायचे. उतरल्यावरही उल्हासनगरच्या कॅम्प एकचा माणूस कसारा मार्गावरच्या शहाडला, तर कॅम्प चारचा कर्जत मार्गावरच्या विठ्ठलवाडीला जातो. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी मात्र उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांचे मुख्य स्टेशन कल्याणच. त्यामुळे विमानातून उतरून पुढे कोल्हापूर-सोलापूरकडे जाणाऱ्यालाही मुंबईत टर्मिनस शोधत फिरावे लागत नाही.

पूर्व-पश्चिम जोडणारी पहिली खरी सोय ८ जून २०१४ रोजी आली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने अंधेरी भागाची गाठ थेट मध्य रेल्वेशी घातली. मेट्रो ३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना भुयारी स्टेशने मिळाली. टर्मिनल २ वरून एकच स्टेशन जाऊन मरोळ नाक्याला मेट्रो बदलली की घाटकोपर येते. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतही जाते. जड सामान असलेल्याने लांबचा वाटला तरी हा मार्ग धरावा, कारण तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बॅगा ठेवून बसायला वेळ मिळतो.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाली. बदलापूरकरांना तो सहारपेक्षा सोयीचा ठरू शकतो. ठाण्याला ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी पकडून त्या बाजूला, नाहीतर रस्त्याने थेट तिथे जाता येते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात (एमयूटीपी-३) मंजूर झालेला पनवेल-कर्जत उपनगरी मार्गही या गावांना पनवेलशी जोडणारा आहे. कल्याण-कर्जत पट्ट्यातून विमानतळावर थेट जाणारी लोकल मात्र अजून एकही नाही.