रुमाल बांधणारे हात

नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातले, आणि त्याही आधी, म्हणजे 1906 साली खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हापासून, पश्चिम खानदेशातले. कचेऱ्यांची वाटणी एका आदेशाने होते. जुन्या कागदांची तशी होत नाही. त्यामुळे आपल्या भागाचा इतिहास शोधायला निघालेल्या माझ्यासारख्या मास्तराने धुळ्याची एस. टी. धरली, यात नवल नाही. मला जायचं होतं राजवाडे संशोधन मंडळात.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे नाव शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक आहे. तरुणपणीच पत्नी वारली, पुन्हा लग्न केलं नाही, हाताने स्वयंपाक करून खात आणि गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड त्यांनी काढले. पहिला 1898 सालचा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 साली स्थापन झालं, त्यातही पुढाकार त्यांचाच. पण संस्था काढणं वेगळं आणि संस्थेत नांदणं वेगळं. स्वभाव तापट, मतं टोकाची. पुण्याच्या मंडळाशी त्यांचं पुढे जमलं नाही. अखेरच्या दिवसांत ते धुळ्याला आले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच वारले.

यानंतर जे घडलं ते मला त्यांच्या चरित्रापेक्षाही मोलाचं वाटतं. 9 जानेवारी 1927 रोजी, म्हणजे दहावा दिवस उलटायच्या आत, धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यात पुढे होते भास्कर वामन भट. 'महाराष्ट्रधर्म' हा ग्रंथ लिहिणारे हे गृहस्थ. राजवाड्यांच्या मागे राहिला होता तो संसार नव्हता, दप्तर होतं. टिपणं, नकला, शब्दांच्या याद्या आणि अर्धवट राहिलेले बेत. ते कोणी सांभाळायचं?

धुळ्याला अशा कामाची सवय होती, हेही सांगायला हवं. शंकर श्रीकृष्ण देव या वकिलांनी 1893 सालीच सत्कार्योत्तेजक सभा काढली होती आणि रामदासी मठांतून हस्तलिखितं गोळा करण्यात आयुष्य घातलं होतं. राजधानी नाही, विद्यापीठ नाही, अशा कापसाच्या बाजारपेठेच्या गावात ही माणसं कोर्टकचेरी सांभाळून पोथ्या सांभाळत होती.

राजवाड्यांचा मोठा ध्यास होता मराठी शब्दांच्या मुळाचा. त्यांचा 'मराठी धातुकोश' 1937 साली छापून आला, म्हणजे ते गेल्यावर दहा वर्षांनी. 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' तर 1942 साली. दोन्ही कोशांचं संपादन कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी केलं. दुसऱ्याच्या टिपणांतून कोश उभा करणं म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळत नाही. लिहिणारा शंका विचारायला हयात नाही, आणि त्याचं मत पटलं नाही तरी खोडायचा अधिकार आपल्याला नाही. पुढे मंडळाने डॉ. मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य तेरा खंडांत काढलं. कपाटावर नाव राजवाड्यांचं दिसतं; कपाट भरलं ते या मंडळींनी.

आणि यांच्याही मागे आणखी एक थर असतो. मोडी कागद वाचायला बसलो तेव्हा मला तो दिसू लागला. कागदाच्या रुमालाची गाठ सोडायची, कसर झटकायची, घड्या उलगडायच्या आणि मग तारीख लावायची. तारीख म्हणजे 'छ 5 रजब, सन सलास' एवढीच. सलास म्हणजे तीन. पण कुठले तीन? शतक नाही, दशक नाही. मग मजकुरात कोणा सरदाराचं नाव आहे, पेशवा कोण आहे, अधिक महिना आलाय का, हे पाहून साल ठरवायचं. एका ओळीसाठी दोन-दोन दिवस जातात. साल चुकलं तर त्यावर पुस्तक लिहिणारा मोठा विद्वानही चुकतो. यादीवर मात्र ते काम करणाऱ्याची सही नसते.

मी शोधत होतो नंदुरबारचे कागद. अकबराच्या काळी हे माळव्याच्या सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं, 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापार याच बाजूने जाई. तेव्हा पेठांचा, इनामांचा, देशमुखीचा इतिहास कागदात सापडतो. घाट चढून अक्राणीत शिरलं की कागद संपतो. तिथे वाडे नव्हते, माळे नव्हते, मग रुमाल कुठून येणार?

आज जिल्ह्यातली सुमारे एकोणसत्तर टक्के वस्ती आदिवासी आहे, असं 2011 ची जनगणना सांगते. त्यांचा भूतकाळ शोधायला इतर संस्थांची माणसं आली. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी 1955 साली तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे उत्खनन करून ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर उघडे केले. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्व्यांचं पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवरचं पाहणीवजा पुस्तक 1961 साली आलं. कर्वे माणसांशी बोलल्या, हा मोठा फरक. पण त्यांच्याशी बोलणाऱ्यांची, मधे दुभाषा म्हणून बसणाऱ्यांची आठवण आज कोणाला आहे?

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. ती 1246 सालापासून पेटते, असं तिथली परंपरा सांगते. माझ्यासारखा कागदात मुरलेला माणूस लगेच विचारतो, पुरावा काय? एकदा मी तसं विचारलंही. समोरचे आजोबा हसले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही रात्रभर बसा, ऐका, मग विचारा." मी बसलो. पिढ्यांची नावं, गावं, नद्या, देवमोगरा मातेपर्यंत गाणं गेलं. मला भाषा पुरती कळत नव्हती. सोबतच्या विद्यार्थ्याने कानात सांगितलं तेवढंच कळलं. त्या गाण्याला 'सन सलास' लावणारा माणूस मोडीचा जाणकार असून भागणार नाही, त्याला भिल्ली किंवा पावरी आईच्या दुधाबरोबर मिळालेली हवी. असा कारकून ज्या संस्थेच्या टेबलाशी बसेल, तिथे आमच्या जिल्ह्याचं दप्तर खऱ्या अर्थाने सुरू होईल. संचालक मागाहून नेमला तरी चालेल.

तोवर माझ्या कपाटात अठरा कॅसेटी आहेत. दोन आता वाजत नाहीत. प्रत्येकीवर मी तारीख घातली आहे, गावही लिहिलं आहे. गाणाऱ्याचं नाव एकीवरही लिहिलेलं नाही.