दुधाच्या दातांची साक्ष

पहिली-दुसरीच्या वर्गात रोज कुणाचा ना कुणाचा दात हलत असतो. पडलेला दात आपल्याकडे कुणी छपरावर टाकतो, कुणी उंदराच्या बिळात घालतो. अमेरिकेतली मुले तो रात्री उशीखाली ठेवतात. परी येऊन दात घेऊन जाते आणि त्या जागी नाणे ठेवते, अशी तिथली समजूत. १९५९ पासून मात्र मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात परीला तिचा वाटा मिळेनासा झाला. मुले पडलेले दात पाकिटात घालून एका समितीकडे पाठवू लागली. बदल्यात त्यांना एक बिल्ला मिळे. 'मी माझा दात विज्ञानाला दिला' अशा अर्थाचा मजकूर त्यावर असे. १९७० पर्यंत असे सुमारे ३,२०,००० दात गोळा झाले.

हे दात कशासाठी हवे होते, ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोट अपेक्षेच्या अडीचपट निघाला, १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बाँबच्या सुमारे हजारपट. धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राच्या बाहेर एक जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावरच्या २३ जणांच्या अंगावर पांढरी राख पडली आणि ते सगळे आजारी झाले. नौकेचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला मरण पावला. या घटनेनंतर जगभर खळबळ उडाली. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तरी थांबवा, अशी सूचना मांडली. अणुस्फोटांच्या परिणामांवर भारत सरकारने १९५६ मध्ये एक पुस्तकही काढले. दौलतसिंग कोठारी यांनी ते तयार केले आणि त्यांना होमी भाभा व मुंबईचे कर्करोग-संशोधक डॉ. वसंत खानोलकर यांचे साहाय्य होते.

नौकेवर पडलेली राख डोळ्यांना दिसत होती. वातावरणात उंच जाऊन वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरणारी आणि महिन्यांनी, वर्षांनी पावसातून खाली येणारी धूळ कुणालाच दिसत नव्हती. या धुळीत स्ट्राँशियम-९० असते. आवर्तसारणीत स्ट्राँशियम कॅल्शियमच्या खालच्याच घरात बसते, याचा अर्थ दोघांचे रासायनिक वागणे सारखे. गवताला, गाईला किंवा माणसाच्या शरीराला ते पुरते वेगळे ओळखता येत नाही. म्हणून पाऊस, गवत, गाय, दूध आणि मूल अशा क्रमाने हा पाहुणा थेट हाडांत येऊन बसतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे आहे. हाडात बसून तो बीटा किरण सोडत राहतो आणि त्यामुळे हाडांचा व रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते.

मग मुलांच्या हाडांत ते किती उतरले आहे? हा प्रश्न अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगालाही पडला होता. १९५३ पासून आयोगाने 'प्रोजेक्ट सनशाइन' नावाचा गुप्त प्रकल्प चालवला. त्यात निरनिराळ्या देशांतून मृत अर्भकांची आणि मुलांची हाडे तपासणीसाठी मिळवण्यात आली. त्यांत भारतातले नमुनेही होते. आईबापांना बहुतेक ठिकाणी काही विचारले नाही. मुले तीच आणि मूलद्रव्यही तेच, पण उत्तर फायलीत बंद. आयोगाचे अधिकारी बाहेर सांगत होते की धोका नगण्य आहे. ज्यांच्या मुलांच्या पोटात ते दूध जात होते, त्यांच्याजवळ हे पडताळून पाहायचे कोणतेच साधन नव्हते.

दातांची कल्पना सुचली ती इथे. ऑगस्ट १९५८ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हर्मन काल्कर यांनी 'नेचर'मध्ये सुचवले की दुधाच्या दातांची आंतरराष्ट्रीय गणना करावी. दात आपोआप पडतात आणि कुणालाही दुखापत न करता मिळतात. शिवाय हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने भरते, तसे दाताच्या वरच्या भागाचे होत नाही. पटाशीच्या दुधाच्या दातांचा वरचा भाग मूल आईच्या पोटात असताना आणि जन्मानंतरच्या काही महिन्यांत घडतो. त्या वेळी जे आत गेले ते तिथेच राहते. सात वर्षांच्या मुलाचा पडलेला दात म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या दुधाची नोंदवही.

सेंट लुइसमध्ये १९५८ सालीच काही शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि गृहिणींनी अणुमाहितीसाठी एक नागरिक समिती काढली होती. वॉशिंग्टन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर तिच्या प्रमुखांपैकी एक. या समितीचे एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटते. चाचण्या बंद करा, अशी घोषणा तिने दिली नाही. धोका पत्करायचा की नाही हे शास्त्रज्ञाने ठरवायचे नाही, नागरिकाने ठरवायचे. मात्र ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्याला समजेल अशा भाषेत देणे हे शास्त्रज्ञाचे काम आहे, असे कॉमनर म्हणत. डॉ. लुईझ राइस या डॉक्टर बाईंनी १९५९ ते १९६१ या काळात दात-पाहणी चालवली. शाळा, ग्रंथालये, दवाखाने आणि दंतवैद्य यांच्यामार्फत छापील कार्डे वाटली गेली. कार्डावर मुलाची जन्मतारीख, आई गरोदर असताना कुठे राहत होती, मूल अंगावर प्यायले की बाटलीने, असे साधेच प्रश्न होते. काही मुलांनी पाकिटात परीच्या नावे चिठ्ठ्याही घातल्या.

एका दातातले स्ट्राँशियम-९० मोजता येण्याइतके नसते. म्हणून जन्मसाल, दाताचा प्रकार आणि दुधाचा प्रकार पाहून दात वेगळे करायचे, एका गटातले अनेक दात एकत्र करून त्यांची पूड करायची, रासायनिक रीतीने स्ट्राँशियम वेगळे काढायचे आणि मग किरणोत्सार मोजायचा. हे सगळे कंटाळवाणे काम होते आणि निवडण्या-नोंदवण्याचा मोठा भार स्वयंसेवकांनी, बहुतेक स्त्रियांनीच, उचलला.

नोव्हेंबर १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष 'सायन्स'मध्ये छापून आले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांच्या दातांत जन्मसालागणिक स्ट्राँशियम-९० वाढत गेले होते. बाटलीचे दूध प्यायलेल्या मुलांत ते जास्त होते, कारण आईच्या दुधात उतरण्यापूर्वी तिचे शरीर बरेच स्ट्राँशियम अडवते. पुढच्या मोजमापांत १९६३ मध्ये जन्मलेल्यांच्या दातांत १९५० च्या मुलांच्या सुमारे ५० पट प्रमाण आढळले.

दरम्यान चाचण्यांचा कहर झाला होता. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने नोवाया झेम्ल्यावर सुमारे ५० मेगाटनांचा बाँब फोडला आणि १९६२ हे वर्ष तर चाचण्यांचेच ठरले. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी करारावर सह्या केल्या. वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचणी करायची नाही, असा तो करार. तीनच दिवसांनी भारतानेही सही केली. करारासाठी जनतेला आवाहन करताना अध्यक्ष केनेडींनी मुलांच्या हाडांतल्या कर्करोगाचा उल्लेख केला होता. लुईझ राइस यांचे पती डॉ. एरिक राइस यांनी सिनेटच्या समितीपुढे दातांचे आकडे मांडले.

हा करार दातांमुळेच झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. क्यूबाच्या पेचप्रसंगाने दोन्ही बाजूंना घाबरवले होते, लायनस पॉलिंग यांच्या आवाहनावर हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या आणि हजारो आया रस्त्यावर उतरल्या होत्या. शिवाय दात काय सांगत नव्हते, हेही वर्गात सांगायला हवे. विष शरीरात पोहोचले, एवढेच त्यांनी दाखवले. कुठल्या मुलाला कोणता आजार होईल हे त्यांतून कळत नव्हते आणि पाहणी करणाऱ्यांनी तसा दावाही केला नाही.

करारानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतले प्रमाण उतरत गेले. पण बाँब कमी झाले नाहीत. चाचण्या जमिनीखाली गेल्या, दिसेनाशा झाल्या, आणि लोकांचा रागही बराचसा ओसरला. आजवरच्या दोन हजारांहून अधिक चाचण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश भूमिगत आहेत. आपल्या पोखरणच्या १९७४ आणि १९९८ च्या चाचण्याही त्यांतच येतात. फ्रान्सने वातावरणातल्या चाचण्या १९७४ पर्यंत आणि चीनने १९८० पर्यंत चालू ठेवल्या. सर्व प्रकारच्या चाचण्यांवर बंदी घालणारा १९९६ चा करार अजून अंमलात आलेला नाही.

६ ऑगस्टला आपल्या शाळांतून हिरोशिमा दिन पाळला जातो, मुले कागदाचे बगळे करतात. ते जरूर करावे. पण आठवी-नववीच्या मुलांना त्या दिवशी एक गणितही घालून पाहा: १९६३ साली जमिनीवर पडलेल्या स्ट्राँशियम-९० पैकी आज किती उरले असेल? दोन अर्धायुष्ये उलटून गेली आहेत. उत्तर सुमारे एक चतुर्थांश येते. 'म्हणजे अजून आहे?' असे मुले विचारतील. मग त्यांना दातांची गोष्ट सांगता येईल.

सगळे दात काही दळले गेले नव्हते. २००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शहराबाहेरील संशोधन केंद्रात सुमारे ८५,००० दात सापडले, छोट्या पाकिटांत, त्या त्या मुलाच्या कार्डासह. ज्या काँक्रीटच्या कोठीत ते इतकी वर्षे पडून होते, ती दुसऱ्या महायुद्धात लष्कराने दारूगोळा ठेवण्यासाठी बांधलेली होती.