विस्तवातले पाणी

आग आणि पाणी यांचे वैर आम्हा कवींनी वापरून वापरून गुळगुळीत केले आहे. भूगर्भशास्त्राचा इतिहास वाचला आणि कळले, की पृथ्वीच्या पोटात हे वैर चालत नाही. तिथे पाणीच दगड वितळवते.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाटोआ फुटला. ३६ हजारांहून अधिक माणसे गेली, बहुतेक लाटांनी. जपान, जावा, सुमात्रा इथे असे ज्वालामुखी रांगेनेच का उभे असतात? १९३५ साली जपानच्या कियो वादातींनी दाखवले, की खोल भूकंपांची केंद्रे समुद्राकडून जमिनीखाली तिरपी उतरतात आणि त्या उतरणीच्या वरच ज्वालामुखींची रांग येते. १९६०च्या दशकात उलगडा झाला : समुद्रतळाचे कवच तिथे आत बुडते आहे.

पण थंड कवच आत शिरल्यावर लाव्हा येतो कुठून? बुडणाऱ्या कवचाच्या खनिजांत आणि गाळात पाणी बांधलेले असते. सुमारे १०० किलोमीटर खोल जाईपर्यंत दाबाने व उष्णतेने ते पिळून निघते आणि वरच्या प्रावरणात झिरपते. सोबत बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसे नेते. नायोबियम मात्र बहुतेक मागेच राहते. कुल्फीवाल्याने मीठ टाकताच बर्फ पाझरू लागतो, तसा तो खडक शेकडो अंश आधीच वितळू लागतो. पुढे हेच पाणी वर येताना वाफ होऊन डोंगर उडवते. क्राकाटोआची ताकद ती हीच.

याची साक्ष पावसाने दिली. वैश्विक किरणांमुळे वातावरणात बेरिलियम-१० तयार होते, पावसाबरोबर समुद्रात पडते, गाळात बसते. सुमारे १४ लाख वर्षांत ते निम्मे होते, म्हणून पृथ्वीच्या पोटात ते मूळचे असणे शक्य नाही. तरी १९८२ साली लुई ब्राउन व सहकाऱ्यांनी अशा ज्वालामुखींच्या लाव्ह्यात ते सापडल्याचे जाहीर केले. आभाळातून पडलेले द्रव्य काही दशलक्ष वर्षांत विस्तवातून परतले होते.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण या घराण्यातला नव्हे, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्ह्याखाली समुद्रतळ बुडत नव्हता. या घराण्यातले आपले नातलग म्हणजे अंदमानचे बॅरन बेट. दीर्घ झोपेनंतर ते १९९१ साली जागे झाले. त्याच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट जिथे खाली शिरतो, तीच कड २००४ च्या डिसेंबरात सरकली आणि त्सुनामीने आपला किनाराही रडवला. जे बुडणे डोंगर पेटवते, तेच समुद्र उठवते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे नाते ओळखून असावे.