गावाचा हिशेब कोणी मांडला?



भात लावणीच्या दिवसांत तुमच्या गावात शेतकी कॉलेजची मुले येतात, ती तुम्ही पाहिली असतीलच. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, बगलेत छापील तक्त्यांची गुंडाळी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलांनी काही महिने खेड्यात राहून काम शिकावे, असा नियम आहे. वर्तमानपत्रवाले त्यांना 'कृषिदूत' म्हणतात, मुली असल्या तर 'कृषिकन्या'. बियाण्याला औषध कसे चोळावे ते एखाद्या अंगणात दाखविले की दुसऱ्या दिवशी बातमी येते, खाली सरपंचांसकट छायाचित्र. इथपर्यंत सगळे मजेत चालते. मग एका दुपारी त्यांतलीच दोन मुले तुमच्या ओटीवर येऊन बसतात आणि विचारू लागतात: जमीन किती? बैल किती? भात किती झाले, विकले किती? आणि शेवटी, जरा चाचरत, कर्ज किती?

इथे मात्र घरधनी घसा खाकरतो. कर्जाचा आकडा आपण सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाही, मग या परक्या पोराला का सांगावा? तुमची ही शंका काही गैर नाही. पण हा प्रश्न घेऊन मुलांना गावात पाठविणारा जो विषय आहे, कृषी अर्थशास्त्र, त्याची आपल्या मुलखातली कथा शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या बदलापुरातून गेलेला आहे. तीच आज सांगावी म्हणतो.

पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरॉल्ड मॅन नावाचे एक इंग्रज प्राचार्य होते. मूळचे ते रसायनशास्त्रज्ञ. १९०७ साली पुण्यास येण्यापूर्वी ते चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करीत. म्हणजे माती, खत, पाने यांतला माणूस. पण विलायतेत असताना त्यांनी रिजमाँट नावाच्या एका खेड्यात घरोघर जाऊन, कोणाची कमाई किती आणि ती पोटाला पुरते का, याची पाहणी केली होती. पुण्यास आल्यावर त्यांच्या मनाने तेच घेतले. शेतीची नवी अवजारे, नवी खते यांचा प्रसार करावयाचा तर ती घेणाऱ्याच्या गाठीला काय आहे, हे आधी नको का कळायला? आजही कितीतरी योजनांना हा साधा प्रश्न पडत नाही. असो.

त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले. आज तिथे पंधरा-पंधरा मजली इमारती उभ्या आहेत, पण त्या वेळी ते पवनाकाठचे साधे शेतकऱ्यांचे गाव होते. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आदी सहकारी बरोबर घेऊन त्यांनी गावची जमीन, पीक, जनावरे, कर्ज, घरखर्च असे सारे मांडले, आणि १९१७ साली त्याचे पुस्तक निघाले. मुंबई विद्यापीठाने अर्थशास्त्राची जी ग्रंथमाला सुरू केली, तिचा हा पहिला ग्रंथ. ध्यानात घ्या, विद्यापीठाच्या अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक बँकेवर नव्हते, कापडगिरणीवर नव्हते; एका मराठी खेड्यावर होते.

त्यात काय निघाले? पेशव्यांच्या वेळच्या दप्तरापर्यंत मागे जाऊन त्यांनी पाहिले, तेव्हा १७७१ साली त्या गावात सरासरी एका खातेदाराकडे चाळीस एकर जमीन होती. १८१८ साली, पेशवाई बुडाली तेव्हा, ती साडेसतरा एकर झाली होती. आणि मॅनसाहेबांच्या पाहणीच्या वेळी उरली होती सात एकर. तीही सलग नव्हे. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे, आणि त्यांतले ४६३ एका एकराहूनही लहान! चार भाऊ वेगळे निघाले की चारी शेतांचे चार-चार तुकडे. माळावरचाही वाटा हवा नि मळ्यातलाही हवा. औत वळवायला जागा नाही अशा पट्ट्या पडल्या.

दुसरी गोष्ट याहून झोंबणारी. ज्या १०३ कुटुंबांचा हिशेब त्यांनी मांडला, त्यांपैकी केवळ जमिनीवर नीट पोट भरेल अशी कुटुंबे निघाली आठ. आणखी अठ्ठावीस कुटुंबे शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन तग धरून होती. उरलेली सदुसष्ट तोट्यात. हे गाव पुण्यासारख्या शहराच्या अंगाशी, दुष्काळी नव्हे. पुढे त्यांनी कानिटकरांच्या सोबतीने जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव पाहिले. त्याचे पुस्तक १९२१ साली आले, आणि तिथले चित्र अधिकच काळवंडलेले होते.

तुकड्यांचा हा प्रश्न तेव्हा फार गाजत होता. तुकडे जोडून एकत्र करा, कायदा करा, असे जाणते लोक म्हणत. १९१८ साली एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने या वादावर एक निबंध छापला आणि सगळ्यांच्या उलट बोट दाखविले. हे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ते परतले होते आणि त्याच साली मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्या शेतावर बैल, अवजार, भांडवल किती आणि राबणारे हात किती, याच्या मेळावरून ठरते. आपल्याकडे भांडवल तुटपुंजे आणि हात मात्र जादा. ते जादा हात शेतावर रिकामे बसून खातात. तुकडे नुसते शिवून भागणार नाही, उद्योगधंदे काढून ते हात तिकडे वळवा, म्हणजे जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. बाबासाहेबांचा हा निबंध शिक्षकांनी मुद्दाम मिळवून वाचावा. आपण त्यांना घटनेसाठी स्मरतो, पण शेतीचे असे रोखठोक निदान करणारे त्या काळी फार थोडे होते.

आता बदलापूर.

नारायण गोविंद चापेकर हे न्यायखात्यातले गृहस्थ. सबजज्ज म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावर ते बदलापुरात राहिले. पेन्शनीत माणसाने काय करावे? चापेकरांनी आपल्याच गावाची झडती घेतली म्हणा ना! 'आमचा गाव बदलापूर' हे त्यांचे पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले. गावात घरे किती, माणसे कोणत्या जातीची, कोण कोणता धंदा करतो, शेती कशी चालते, देणे-घेणे कसे, सण कोणते, रीतिभाती कोणत्या, असे नाना तऱ्हेचे टिपण त्यात आहे. पाठीशी विद्यापीठ नाही, विद्यार्थ्यांचा ताफा नाही. आणि पुस्तक मराठीत! मॅनसाहेबांचे पुस्तक इंग्रजीत होते; ज्या कुळांचे कर्ज त्यात मांडले, त्यांना ते वाचता येण्याचा संभव नव्हता. चापेकरांचे पुस्तक मात्र बदलापुरातला शाळा शिकलेला कोणीही पोर उघडून पाहू शकत होता. माझ्या मते त्यांची मोठी कामगिरी हीच. पुढल्याच वर्षी, १९३४ साली, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १८६९ साली जन्मलेले चापेकर १९६८ पर्यंत जगले. म्हणजे शंभरीला थोडेच कमी.

त्या दीर्घ आयुष्यात त्यांच्या डोळ्यांदेखत हा सगळा उल्हास नदीचा काठ पालटला. पूर्वी इथे राब भाजून आवण टाकावे, लावणी करावी, वरकस जमिनीत नाचणी-वरी घ्यावी, कुळाने खंड भरावा, असा क्रम. अंबरनाथचे शिवालय इसवी सन १०६० मधले, शिलाहार राजांच्या वेळचे. त्याच्या आसपास शेते आणि झाडी. त्याच अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना आला, पुढे सरकारी कारखाने आले. यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांचा कारखाना १९५३ सालचा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव पडले. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांनी बराकींतून दुकाने आणि कारखाने उभे केले. पुढे १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि बदलापूरकडेही कारखान्यांचे भोंगे वाजू लागले.

बाबासाहेबांनी १९१८ साली जे सांगितले, ते पडताळून पाहायला याहून चांगला मुलूख सापडायचा नाही. शेतीवरचे हात कारखान्यात गेले, हे तर खरेच. सकाळची गाडी पकडणारा घरातला एक भाऊ आणि औत धरणारा दुसरा, असे घर या पट्ट्यात सर्रास झाले. मॅनसाहेबांच्या यादीतली ती मधली अठ्ठावीस घरे म्हणा. पण जमिनीवरचा भार हलका होऊन उरलेल्याची शेती सुधारली काय? पुष्कळ ठिकाणी हातांच्या पाठोपाठ जमीनही गेली. भाताच्या खाचरावर चाळी आणि मग इमारती उठल्या. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' धरून कुळांना जमिनीचे मालक केले. मिळालेली ती जमीन पुढच्या पिढीने कोणत्या भावाने विकली आणि त्या पैशाचे काय झाले, याचा हिशेब चापेकरांसारखा घरोघर जाऊन कोणी मांडला, तर मला तो वाचायचा आहे.

इकडे पुण्यास १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी तिथूनच केली. ते पुस्तक १९४० चे. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली केंद्र सरकारने देशभर शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या सुरू केल्या. आपल्याकडे त्या नगर आणि नाशिक जिल्ह्यांत झाल्या. त्यात दोन रीती ताडून पाहिल्या. एक म्हणजे हंगामाअखेर जाऊन शेतकऱ्याला सारे आठवून सांगायला लावणे. दुसरी, पगारी माणूस गावातच राहायला ठेवून रोजच्या रोज टिपणे. खुरपणीला आज किती बायका होत्या, बैल किती तास चालले, हे रात्री कंदिलाच्या उजेडात लिहायचे. कंटाळवाणे काम खरे, पण आठवणीतला आकडा आणि त्या दिवशीचा आकडा यांत अंतर असते, ते असेच कळते.

या पाहण्यांच्या आकड्यांवरून अमर्त्य सेन यांनी १९६२ साली मुंबईच्या 'इकॉनॉमिक वीकली'त एक लेख लिहिला. त्यात त्यांनी एक गंमत दाखविली. घरच्या माणसांच्या मेहनतीला बाजारभावाने मजुरी धरली, तर आपल्याकडची कितीतरी शेती तोट्यात निघते! मग माणसे ती करतात कशाला? आणि लहान शेतात दर एकरी उत्पन्न मोठ्या शेतापेक्षा जास्त का?

कॉलेजात हे आम्हांला खर्च 'अ', 'ब', 'क' असे शिकविले होते. 'अ' म्हणजे खिशातून गेलेला पैसा: बी, खत, बाहेरची मजुरी. 'ब' मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज मिळवायचे. 'क' मध्ये घरच्यांची मेहनत. परीक्षेत ते पाठ म्हटले की गुण मिळत. अर्थ मला कळला तो बदलापूरच्या पलीकडच्या एका वाडीत. तक्ता घेऊन मी एका घरी गेलो होतो. घरधन्याने भराभर उत्तरे दिली. दारात त्याची म्हातारी आई तांदूळ निवडीत बसली होती. मी वही मिटताना ती म्हणाली, "आनि माझी मेहनत कुठं मांडलीस रं बाबा?"

मी म्हटले, "आजी, घरच्यांची मेहनत या रकान्यात आहे."

"किती लिवलंस?"

मी आकडा सांगितला. मुलाने सांगितला होता तोच, माणसी इतके दिवस. ती हसली. म्हणाली, "हे औताचं दिवस. राब भाजला तो कोनी? आवण खणलं कोनी? भात झोडून वाळवलं, कनगीत भरलं, ते काय उंदरांनी?" मुलगा खाली मान घालून विडी शोधू लागला. मी पुन्हा बसलो. तिच्या सांगण्याप्रमाणे मोजले, तेव्हा त्या रकान्यातला आकडा दुपटीच्या वर गेला.

हे किती महत्त्वाचे आहे ते बघा. समजा, एकरभर भाताचे आले बत्तीस हजार रुपये, खिशातून गेले अठरा हजार. चौदा हजार उरले, घरधनी खूष. पण घरची चाळीस माणूस-दिवसांची मेहनत चारशे रुपये रोजाने धरली तर होतात सोळा हजार. म्हणजे दोन हजारांचा तोटा. आणि मुलाच्या सांगण्यावरून वीसच दिवस लिहिले असते, तर? सहा हजारांचा नफा! भाताला हमीभाव किती द्यायचा याचा विचार करताना उत्पादनखर्चाचे असेच आकडे सरकारपुढे ठेवलेले असतात. म्हातारीचे वीस दिवस कुठे गळले, हे दिल्लीत बसून दिसत नाही.

म्हणून आता ही मुले तुमच्या गावी येतील, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची असोत की आणखी कुठली, तेव्हा त्यांना चहा द्याच, पण ओटीवरच थोपवू नका. माजघरातल्या बाईला बोलवा. मुलांनाही एक सांगणे आहे. क्विंटलमध्ये विचाराल तर अंदाजे उत्तर मिळेल. जुन्या माणसाला मणात, पायलीत विचारा, तो अचूक सांगेल. आणि गुरुजी, तुमच्या सातवीच्या वर्गातल्या मुलांना एका रविवारी आपापल्या घरच्या शेतांची नावे लिहून आणायला सांगा. गट नंबर नकोत, नावे: आंब्याचा वाफा, देवाचा पट्टा, जे काही असेल ते. त्याच्यापुढे आजोबांच्या वेळी ते शेत केवढे होते आणि आज केवढे उरले आहे, एवढे दोनच रकाने आखायचे. तलाठ्याकडचे जुने फेरफार त्यासाठी काढून पाहता येतात. अर्ज साधा असतो, फी थोडी पडते. वही मात्र शंभर पानी घ्या.