ब्लड ऑन द मून

ब्लड ऑन द मून : (१९४८). कुरणांच्या हक्कावरून गुरांचे मालक आणि नव्याने वसलेले शेतकरी यांच्यात पेटलेल्या वादावरचा अमेरिकन वेस्टर्न चित्रपट. कृष्णधवल, लांबी ८८ मिनिटे, निर्मिती आरकेओ, दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ. ल्यूक शॉर्ट या टोपणनावाने लिहिणारे फ्रेडरिक ग्लिडन यांच्या कादंबरीवरून लिली हेवर्ड यांनी पटकथा लिहिली.

जॉन लफ्टनची गुरे मूलनिवासींच्या राखीव प्रदेशात चरत असतात. सरकारी एजंट पिंडालेस्ट त्याच्याकडचे मांस नाकारतो आणि ठरल्या मुदतीत जागा सोडण्याचा हुकूम काढतो. कळप खोऱ्यात परत न्यावा, तर तिथे वसलेले शेतकरी वाट अडवून उभे. त्यांचा कैवारी म्हणून मिरवणाऱ्या टेट रायलिंगचा (रॉबर्ट प्रेस्टन) डाव वेगळाच आहे : अडलेल्या लफ्टनची गुरे कवडीमोलाने घ्यायची आणि पिंडालेस्टच्या संगनमताने ती सरकारच्याच गळ्यात चढ्या भावाने मारायची. त्यासाठी तो जिम गॅरी (रॉबर्ट मिचम) या जुन्या मित्राला बंदूकबाज म्हणून बोलावतो. कारस्थान उमगल्यावर गॅरी बाजू बदलतो.

धनदांडगा पशुमालक दुष्ट आणि शेतकरी सज्जन, हा या चित्रप्रकारातला सरधोपट हिशेब इथे मोडला आहे. लफ्टन हेकट आहे, पण सरळ. शेतकऱ्यांची भीती खरी आहे, पण तिचा वापर दुसराच कोणी करतो. लफ्टनची मुलगी कॅरल रायलिंगच्या प्रेमापोटी बापाची खबर फोडते, तेव्हा हा वाद घरात शिरतो. ज्यांच्या भूमीवरून आणि अन्नावरून सारे सुरू होते ते मूलनिवासी मात्र कथेत जवळजवळ मुके राहतात. हे मोठेच उणे.

चित्रपटाचे खरे बळ छायालेखक निकोलस मुसुराका यांच्या कामात आहे. ‘कॅट पीपल’ (१९४२) आणि ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) यांतील काळोख त्यांनी माळरानावर आणला. पहिल्याच प्रसंगात पावसात भिजलेला गॅरी, ठेंगण्या छतांच्या खोल्या, दिव्यापुरता उजेड : वेस्टर्नमध्ये अपेक्षित असलेले मोकळे आकाश इथे फारसे लाभतच नाही. गॅरी आणि रायलिंग यांची अंधाऱ्या दारूगुत्त्यातली मारामारी तर आवर्जून पाहावी. तीत ऐट नाही. संपते तेव्हा जिंकणाराही धापा टाकत कोलमडण्याच्या बेतात असतो.

‘सिटिझन केन’चे संकलक आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे दिग्दर्शक म्हणून वाइझ ओळखले जातात, त्या ख्यातीत हा चित्रपट झाकला गेला. त्याच वर्षीच्या ‘रेड रिव्हर’चा पसारा त्याच्याकडे नाही, पण त्याच्या शेजारी बसण्याची योग्यता निश्चित आहे.