आधी कागदपत्रे, मग किल्ली!
इंग्लंडमधील 'राइट टू रेंट' कायदा भाडेकरूकडून नेमके काय मागतो?

इंग्लंडमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला, व्हिसाही मंजूर झाला, तरी पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या विद्यार्थ्याची एक परीक्षा शिल्लक राहते. ही परीक्षा घेणारा परीक्षक म्हणजे तेथील घरमालक. घराची किल्ली हाती देण्यापूर्वी भाडेकरूला त्या देशात घर भाड्याने घेण्याचा कायदेशीर हक्क आहे किंवा नाही, याची खातरजमा करण्याचे बंधन इंग्लंडमधील कायद्याने घरमालकावर घातले आहे. ही तपासणी 'राइट टू रेंट' या नावाने ओळखली जाते. नोकरीसाठी जाणारे अभियंते, परिचारिका आणि त्यांच्यासोबत जाणारे कुटुंबीय यांनाही ती चुकत नाही.

भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देण्याची पद्धत आपल्याकडील घरमालकांना परिचित आहे. परदेशी नागरिकाला जागा दिल्यास तसे संबंधित नोंदणी अधिकाऱ्यांना कळवावे लागते. मात्र येथे मालकाचे काम माहिती देण्यापुरतेच असते. इंग्लंडमध्ये कागदपत्रे पाहून भाडेकरू पात्र की अपात्र, हे मालकालाच ठरवावे लागते आणि त्यात कसूर झाल्यास दंडही त्यालाच भरावा लागतो. भाडेकरूंच्या बहुतेक अडचणींचे मूळ या व्यवस्थेत आहे.

कायदा कसा आला?

बेकायदा वास्तव्य करणाऱ्यांना घर, नोकरी, बँक खाते अशा सोयी मिळू नयेत, असे धोरण ब्रिटनच्या तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी २०१२ पासून राबवले. त्यातूनच २०१४ चा इमिग्रेशन कायदा संमत झाला. १ डिसेंबर २०१४ पासून बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन व लगतच्या भागांत ही योजना प्रायोगिक तत्त्वावर लागू करण्यात आली आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये ती लागू नाही. त्यामुळे एडिंबरा, ग्लासगो किंवा कार्डिफ येथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही तपासणी द्यावी लागत नाही.

आरंभी दंडाची रक्कम तुलनेने कमी होती. १३ फेब्रुवारी २०२४ पासून तिच्यात मोठी वाढ करण्यात आली. पहिल्या चुकीसाठी मालकाच्या राहत्या घरातील खोलीत ठेवलेल्या प्रत्येक अपात्र भाडेकरूमागे ५ हजार पौंडांपर्यंत, तर स्वतंत्र घरातील प्रत्येक अपात्र रहिवाशामागे १० हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी या रकमा अनुक्रमे ८० व १ हजार पौंड होत्या. चूक पुन्हा घडल्यास दंड दुप्पट होतो. अपात्र व्यक्तीला जाणूनबुजून घर देणाऱ्यास डिसेंबर २०१६ पासून पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाचीही तरतूद आहे.

तपासणी कशी होते?

त्या घरात मुख्य निवासासाठी राहणाऱ्या १८ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची तपासणी आवश्यक असते. भाडेकरारावर नाव नसले तरी पती, पत्नी वा सोबत राहणारे आई-वडील यांना त्यातून सूट नाही. ब्रिटिश व आयरिश नागरिकांना पासपोर्ट दाखवणे पुरेसे असते; त्याची मुदत संपलेली असली तरी चालते. पासपोर्ट नसल्यास जन्मदाखला व वाहन परवाना अशी दोन कागदपत्रे एकत्रितपणे ग्राह्य धरली जातात.

व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांसाठी आता ही प्रक्रिया प्रामुख्याने ऑनलाइन आहे. पूर्वी त्यांना छायाचित्र व बोटांचे ठसे नोंदवलेले निवास परवाना कार्ड मिळत असे. मात्र ६ एप्रिल २०२२ पासून घरमालकाने केवळ कार्ड पाहून केलेली तपासणी ग्राह्य धरली जात नाही. पुढे या कार्डांची जागा 'ई-व्हिसा' या डिजिटल नोंदीने घेतली. भाडेकरूने ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यातून 'शेअर कोड' काढायचा आणि तो जन्मतारखेसह मालकाला द्यायचा. हा कोड नऊ अक्षरांचा व आकड्यांचा असून तो ९० दिवस चालतो. घरासाठीचा कोड 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. नोकरीसाठी काढलेला कोड येथे उपयोगी पडत नाही.

मालकाने हा कोड सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाकून पडताळणी करावयाची असते. भाडेकरूच्या मोबाइलवरील पान पाहणे पुरेसे नाही. संकेतस्थळावर दिसणारे छायाचित्र समोरच्या व्यक्तीशी जुळते की नाही, हे प्रत्यक्ष भेटीत किंवा व्हिडिओ कॉलवर पाहावे लागते. तपासणीचा पुरावा तारखेसह जतन करून भाडेकरार संपल्यानंतर एक वर्षापर्यंत ठेवावा लागतो. मुदतीच्या व्हिसावरील भाडेकरूची तपासणी करार सुरू होण्यापूर्वीच्या २८ दिवसांतच झाली पाहिजे. भारतातून घर ठरवताना तपासणीच्या अटीवर करार करता येतो. मात्र प्रत्यक्ष राहावयास येण्यापूर्वी ती पूर्ण व्हावी लागते.

व्हिसा संपत आला तर?

मुदतीच्या व्हिसावरील भाडेकरूची फेरतपासणी करावी लागते. पहिल्या तपासणीनंतरचे एक वर्ष किंवा व्हिसाची मुदत, यांपैकी जी तारीख नंतरची असेल, त्यापूर्वी ती करणे अपेक्षित आहे. मुदत संपण्यापूर्वीच व्हिसा वाढवण्यासाठी अर्ज केला असेल आणि निर्णय प्रलंबित असेल, तर भाडेकरूचा हक्क लगेच संपुष्टात येत नाही. अशा वेळी ऑनलाइन नोंदीतून खात्री न पटल्यास मालक गृहखात्याच्या पडताळणी सेवेकडे विचारणा करू शकतो. सर्वसाधारणपणे दोन कामकाजाच्या दिवसांत त्याला उत्तर मिळते. हक्क संपल्याचे फेरतपासणीत आढळल्यास मात्र मालकाने गृहखात्याला कळवणे आवश्यक असते.

खोली दुसऱ्याला देताना सावधान

अनेक विद्यार्थी एकत्रितपणे घर घेतात आणि रिकामी खोली ओळखीच्या मुलाला देतात. भाडे घेऊन पोटभाडेकरू ठेवला, तर त्याच्या तपासणीची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते. मूळ मालकाने ती लेखी स्वीकारली असेल तरच यातून सुटका होते. कायद्याच्या दृष्टीने तो विद्यार्थीच घरमालक ठरतो आणि दंडाची नोटीस त्याच्या नावे निघू शकते. भाडे न देता काही दिवस राहणारा पाहुणा मात्र या कक्षेत येत नाही. विद्यापीठांची वसतिगृहेही वगळण्यात आली आहेत.

पैशांचे काय?

२०१९ च्या भाडेकरू शुल्क कायद्यानुसार इंग्लंडमध्ये या तपासणीसाठी भाडेकरूकडून शुल्क घेता येत नाही. घर राखून ठेवण्यासाठीची रक्कमही एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक असू शकत नाही. मात्र भाडेकरू या तपासणीत अपात्र ठरल्यास ती रक्कम मालक ठेवून घेऊ शकतो. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वीच शेअर कोड काढून आपली नोंद अचूक आहे ना, हे पाहणे हिताचे ठरते.

भेदभावाचा प्रश्न

तपासणी सर्वांचीच सारख्या रीतीने व्हावी, असे सरकारी नियमावली सांगते. वर्ण, नाव किंवा उच्चार यांवरून काहींचीच कागदपत्रे मागणे हा २०१० च्या समानता कायद्याचा भंग ठरतो. प्रत्यक्षात दंडाच्या भीतीने मालक सोपा मार्ग निवडतात, असा आक्षेप आहे. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या 'जेसीडब्ल्यूआय' या संस्थेने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत, या योजनेमुळे परदेशी नागरिकांना घर देण्यास आपण कमी उत्सुक असल्याचे ५१ टक्के घरमालकांनी सांगितले होते. कागदपत्रे नसलेले ब्रिटिश नागरिकही या अविश्वासाचे बळी ठरू शकतात.

याच संस्थेच्या याचिकेवर लंडनच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ही योजना मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. एरवी भेदभाव न करणारे मालकही या योजनेमुळे भेदभाव करतात, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. काही मालक भेदभाव करतात, हे या न्यायालयानेही मान्य केले. तथापि योजनेचा हेतू पाहता ती समर्थनीय असल्याचे मत दिले आणि योजना कायम राहिली.

भाडेकरूने काय करावे?

* निघण्यापूर्वीच ई-व्हिसाचे खाते उघडून नाव, जन्मतारीख व मुदत तपासावी.
* पासपोर्ट नवा काढल्यास त्याची नोंद खात्यात करावी.
* घर पाहावयास जाताना घरासाठीचा शेअर कोड जवळ ठेवावा. तो लगेच देणाऱ्या भाडेकरूबाबत मालकाची शंका लवकर मिटते.
* मालक केवळ ब्रिटिश पासपोर्टच मागत असेल, तर कायद्यात तशी अट नाही, हे त्याच्या निदर्शनास आणावे. मालकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा.
* मालकाने कोड स्वतः तपासला आहे ना, याची विचारणा करावी. नीट झालेली तपासणी पुढे दोघांनाही उपयोगी पडते.