आधी बिघडवा, मग सुधारा: जबड्याच्या ऑपरेशनची गोष्ट

आज माझा आवाज थोडा बोबडा येईल, कारण तोंडात तारा आहेत. हो, वय 28 आणि तारा! माझा खालचा जबडा पुढे आहे. शाळेत पोरं 'चांदोमामा' म्हणायची, ते सोडा. पण समोरच्या दातांनी साधा पेरू तोडता येत नाही, हे खरं दुखणं.

स्पेनच्या दुसऱ्या कार्लोसची हालत याहून वाईट होती. हॅब्सबर्ग घराण्यात पिढ्यान् पिढ्या नात्यातच लग्नं, त्यात हा जबडा. त्याला धड चावता यायचं नाही. 1700 साली तो वारला. राजा असून काहीच उपाय नव्हता.

1849 मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंग गावात सायमन हलिहेननं एका तरुणीचं ऑपरेशन केलं. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेची कातडी आकसली होती आणि जबडा ओढला गेला होता. त्यानं हाडाचा तुकडा कापून पुढचा भाग मागे बसवला. मग 1897 च्या सुमारास सेंट लुईसमध्ये सर्जन विलरे ब्लेअरनं पुढे आलेला जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे घेतला. या केसमध्ये दातांचा डॉक्टर एडवर्ड अँगलही होता, म्हणजे आजच्या ऑर्थोडोंटिक्सचा बापच! जोडी तेव्हाच जमली होती म्हणायची.

पण बाहेरून कापलं की चेहऱ्यावर व्रण राहायचा. शिवाय हाडाची टोकं नीट जुळायची नाहीत, जबडा परत सरकायचा.

खरा हिरो म्हणजे झुरिचचा ह्युगो ओब्वेगेसर. 1950 च्या दशकात त्यानं तोंडाच्या आतूनच, दाढांमागचं हाड उभं चिरून त्याचे दोन थर केले. काडेपेटीचा खण सरकतो ना, तसे ते एकमेकांवर सरकतात. हाडाला हाड भरपूर चिकटतं, म्हणून सांधतंही नीट. 1970 च्या सुमारास तो वरचा आणि खालचा जबडा एकाच ऑपरेशनमध्ये हलवायला लागला.

मग तारा कशाला? जबडा पुढे असला की शरीर जुगाड करतं: खालचे दात आत झुकतात, वरचे बाहेर. तसंच ऑपरेशन केलं, तर दात आधीच एकमेकांना टेकतात आणि जबडा हवा तेवढा मागे जातच नाही. म्हणून तारांनी आधी तो जुगाड काढायचा. त्यात वर्ष-दीड वर्ष जातं, आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. माझं सध्या तेच चाललंय. आई म्हणते, "आहे तसा चांगला दिसायचास की रे."

भीती वेगळीच आहे. ओठाला संवेदना देणारी नस त्याच हाडातून जाते. ओठ बधिर होतो, काहींचा कायमचा. कोडमध्ये चुकलं तर रोलबॅक मारता येतो, इथे नाही. संमतीपत्र आठवडाभर टेबलावर पडून होतं. काल सही केली.

ऑपरेशन दिवाळीच्या आठवड्यातच आलंय. नंतर काही आठवडे पातळ आणि मऊच खायचंय. आईनं ते ऐकलं आणि चकलीची भाजणी आताच दळून आणली.